चिनी शिकायला बीजिंगच कशाला?

पायवाट

माझी भाची यंदा बी.ए. झाली. पुण्यात दोन वर्षं शिकवणी लावून चिनी शिकली, एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी पास आहे. आता वर्षभर तिकडे जाऊन भाषा पक्की करायची म्हणते. ताईच्या घरी सध्या यादी चालू आहे : पेकिंग विद्यापीठ, छिंगह्वा, बीजिंग भाषा आणि संस्कृती विद्यापीठ, शांघायचं फुदान. इंजिनिअरिंगची कॉलेजं लावतात तशी, क्रमवारी बघून. मी म्हटलं हे चुकतंय, आणि जेवणाच्या ताटावर भांडण झालं. तेच इथे मांडतो.

वर्षभराच्या भाषावर्गाला पदवी नसते, नुसतं प्रमाणपत्र मिळतं. क्रमवारी ठरते संशोधनावर. परदेशी मुलांचे भाषावर्ग चालवणारं खातं वेगळं, तिथले शिक्षक वेगळे. सकाळी आठ ते बारा वर्ग, आठवड्याला साधारण वीस तास, पुस्तकंही बहुतेक बीजिंगच्याच दोन-तीन प्रकाशनांची. हे सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच. खरा प्रश्न आहे दुपारी बारानंतर तुम्ही कोणाशी, कुठल्या भाषेत बोलता हा.

मी २०१४-१५ साली बीजिंगच्या हाइद्येन भागात एका बड्या विद्यापीठात होतो. परदेशी मुलांची इमारत वेगळी. शेजारी कोरियन, समोर इटालियन, वरच्या मजल्यावर दोन दिल्लीवाले. खाली कॉफीच्या दुकानात मी चिनीत बोलायचो, पोरगा इंग्रजीत उत्तर द्यायचा, कारण त्यालाही सराव हवा होता. पहिल्या चार महिन्यांत माझी हिंदी मात्र सुधारली. मग वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या सुट्टीत दहा दिवस ईशान्येकडच्या हार्बिनला गेलो. खानावळीच्या मालकीणबाईंना चिनीशिवाय एक अक्षर येत नव्हतं आणि गप्प बसणं त्यांना जमत नव्हतं. त्या दहा दिवसांत मी जेवढं बोललो तेवढं आधीच्या दोन महिन्यांत बोललो नव्हतो.

आणि उच्चार. लोकांना वाटतं प्रमाण चिनी म्हणजे बीजिंगची बोली. बीजिंगच्या गल्लीत प्रत्येक शब्दाच्या शेपटीला 'र' लोंबतो. प्रमाण उच्चारांचे नमुने १९५३ साली हबेइ प्रांतातल्या ल्वानफिंग या लहानशा गावातून घेतले होते. ईशान्येकडे भाषा बरीच साफ ऐकू येते. फी कमी, खोली स्वस्त. माझं मत हार्बिनला. बोला.

काकूबाई

तिकडे जानेवारीत उणे पंचवीस असतं म्हणे. तुम्ही दहा दिवस जाऊन आलात, पोरगी वर्ष काढणार आहे. नाकपुडीतला श्वास गोठला की उच्चार कितीसे साफ येतील?

पायवाट

काकू, घरात थंडी वाजत नाही. हार्बिनमध्ये २० ऑक्टोबरपासून सरकारी हीटिंग सुरू होतं, ते एप्रिलपर्यंत. खोलीत मी बनियनवर बसायचो. थंडी खरी वाजते ती दक्षिणेला. यांगत्से नदीच्या खाली घरांना तशी सोयच नाही. नानजिंगला उबदार समजून गेलेले स्वेटर घालून झोपतात.

आळशी_मुंगी

कोटणीसांचं नाव कितव्या प्रतिसादात येतंय बघत बसलोय.

चाकणवाली

साफ असहमत. मी नऊ वर्षं चाकण-रांजणगाव पट्ट्यात दुभाषाचं काम करते. कारखान्यात चिनी अभियंते येतात, मशीन बसवतात, आमच्या पोरांना शिकवतात, मध्ये मी. पहिलं सत्र एका लहान शहरातल्या विद्यापीठात काढलं (नाव घेत नाही), दुसरं बीजिंग भाषा विद्यापीठात. त्यामुळे दोन्हीकडचं पाणी प्यायलेय.

पायवाट, तुम्ही बारानंतरचं सांगितलंत, बाराच्या आधीचं एका वाक्यात उडवलंत. लहान ठिकाणी वर्ग किती? तीन. प्राथमिक, मध्यम, उच्च. मी तुमच्या भाचीसारखीच तिसरी पातळी घेऊन गेले. प्राथमिकमध्ये पिनयिनपासून (चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत) सुरुवात, मध्यममध्ये वर्तमानपत्राचे उतारे. मधलं काहीच नाही. मध्यममध्ये बसले आणि सहा आठवडे नुसती मान डोलावली. मग चार जण गळाले, उरलेल्यांचा वर्ग प्राथमिकमध्ये मिसळला. फी भरून मी 'हे टेबल आहे' परत शिकले.

जुन्या सहा पातळ्यांच्या हिशोबाने तिसरीला ६०० शब्द लागतात, चौथीला १२००, पाचवीला २५००. हे ६०० ते २५०० म्हणजे खरा घाट. तिथे दर दोन-अडीचशे शब्दांवर वेगळा वर्ग लागतो आणि तो शेकड्यांनी विद्यार्थी असलेल्या जागीच परवडतो. बीजिंग भाषा विद्यापीठ १९६२ साली याच कामासाठी काढलं. पहिल्या दिवशी चाचणी घेतात. वर्ग जड गेला तर खाली, सोपा वाटला तर वर, असं सुरुवातीच्या दिवसांत बदलता आलं मला.

आणि परदेशी गर्दीचं म्हणाल, तर त्या जागेला चिनी लोकच 'छोटं संयुक्त राष्ट्र' म्हणतात. पण माझी खोलीतली जोडीदारीण व्हिएतनामची, तिला इंग्रजी शून्य. आमची भांडणंसुद्धा चिनीत झाली. गीझर कोणी चालू ठेवला यावर वीस मिनिटं चिनीत भांडून बघा, कुठल्याही वर्गापेक्षा जास्त शिकता. तुम्ही दिल्लीवाल्यांच्या मजल्यावर जाऊन बसलात, त्याला बीजिंग काय करणार?

पायवाट

दिल्लीवाल्यांच्या मजल्याचं मान्य. छोलेही चांगले करायचे. पण व्हिएतनामी मुलीशी बोललेलं चिनी म्हणजे दोन शिकाऊंचं चिनी. एकमेकींच्या चुका पक्क्या होतात.

चाकणवाली

चुका पक्क्या होतात तोंड बंद ठेवल्याने. आणि तुमच्या हार्बिनच्या वर्गात कोण असतं ते सांगितलं नाहीत. हद्दीपलीकडे रशिया आहे. वर्गात निम्मे रशियन आणि मधल्या सुट्टीत सगळी रशियन.

यीवू_रिटर्न

तुम्ही सगळे पैसे फार घालवता बुवा. मी विद्यापीठाचं तोंड पाहिलं नाही. भिवंडीतून यीवूच्या घाऊक बाजारात माल बघायला गेलो, सहा वर्षं येऊन-जाऊन राहिलो. पहिल्याच महिन्यात चार आणि दहा यात फसलो. तिकडचे लोक 'श' चा 'स' करतात, त्यामुळे चार म्हणजे 'स' आणि दहा म्हणजेही जवळजवळ 'स', फरक फक्त सुराचा, म्हणजे आवाजाच्या चढउताराचा. चार युआनला नग समजून ऑर्डर दिली, बिल दहाने आलं. तेव्हापासून बोटं बघतो. दोन तर्जन्यांची फुली केली की दहा. हे कुठल्या विद्यापीठात शिकवतात?

चाकणवाली

@यीवू_रिटर्न, पहिल्या आठवड्यात शिकवतात. बोटांसकट.

बोपोमोफो

चर्चा चीनच्या हद्दीतच फिरतेय. तैपेईचं नाव कोणी का घेत नाही? तिथल्या राष्ट्रीय तैवान नॉर्मल विद्यापीठाचं भाषाकेंद्र १९५६ पासून हेच काम करतंय. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केव्हिन रड तिथे शिकले. मी होते तेव्हा वर्गात दहाच्या आत डोकी, त्यामुळे रोज प्रत्येकाला बोलावंच लागायचं, मान डोलवायची सोयच नाही. ह्वायू नावाची शिष्यवृत्ती खास भाषा शिकणाऱ्यांसाठी आहे. २०२४ पासून मुंबईतही त्यांचं कार्यालय आहे, कागदपत्रांना चेन्नई-दिल्ली करायला नको. आणि भाचीला पोळी-भाजी लागत असेल तर शाकाहारी जेवणाची पाटी जितकी तैपेईत दिसते तितकी चीनच्या कुठल्याच शहरात दिसत नाही.

पायवाट

पण तिथे जुनी पारंपरिक अक्षरं, चीनमध्ये सोपी केलेली. दोन वर्षं सोपी अक्षरं गिरवलेल्या मुलीने परत पाटी घ्यायची? आणि नोकरीत पुढे सगळी सोपीच लागणार.

बोपोमोफो

वरून खाली उतरायला त्रास कमी. सोप्या लिपीत चेहरा आणि नूडल्स एकाच अक्षरात कोंबलेत, केस आणि 'पाठवणे' हेही एकाच. पारंपरिक येत असेल तर असा शब्द समोर आला की घोटाळा कुठे झालाय ते कळतं. मला सोप्या लिपीत वाचायला लागायला दोन महिने पुरले. उलटं करणारे अजून कुथताहेत.

चाकणवाली

@बोपोमोफो, दोन महिने तुम्हाला पुरले असतील. मशीनच्या पॅनलवर लाल दिवा लागलेला असताना मला दोन सेकंदही मिळत नाहीत. ज्या लोकांबरोबर काम करायचं त्यांची अक्षरं आधी. मुलीला संशोधन, जुनं साहित्य, बौद्ध ग्रंथ वगैरे करायचे असतील तर मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. धागाकर्त्यांनी ती *कशासाठी* शिकतेय हे सांगितलेलंच नाही!

प्राकृत

थोडं अवांतर. उच्चारासाठी गाव निवडायची आपल्याला इतरांइतकी गरज नाही, असं माझं मत. इंग्रजीतून शिकणारा पिनयिनमधला 'बी' पाहून 'ब' म्हणतो. तो खरा 'प' आहे आणि 'पी' म्हणजे ओठ मिटून म्हटलेला 'फ'. हा फरक आपल्याला पाळण्यातच मिळतो. राजधानीचं नावही त्यांच्या तोंडी 'पेइचिंग'च असतं. वर मराठीत 'चोर'चा च वेगळा, 'चिमणी'चा च वेगळा. चिनीत 'सकाळ' म्हणताना चोरातला लागतो आणि 'नऊ' म्हणताना चिमणीतला. माझा वर्गमित्र लखनौचा, त्याला हा चोर सहा महिने सापडला नाही. आपलं घोडं अडतं ते सुरांवर, आणि सुरांसाठी थंडीत जायची गरज नाही, चुकलं की लगेच टोकणारा शिक्षक पुरतो. त्यामुळे 'साफ भाषा' हे कारण मी यादीतून काढीन. फक्त अगदी दक्षिणेला नको. फूच्येन प्रांतातले लोक स्वतःच्या प्रांताला 'हूच्येन' म्हणतात असा विनोद आहे, आणि छंगतू शहरात दूध मागताना 'न' चा 'ल' होतो.

राहता राहिले कोटणीस. आळशी मुंगीसाठी : सोलापूरचे डॉक्टर १९३८ साली गेले, चिनी तिथेच कामात शिकले आणि चिनीतच शिकवायलाही लागले. पण दुसरंही उदाहरण आहे. वसंत परांजपे चाळीसच्या दशकात पेकिंग विद्यापीठात शिकले आणि पुढे नेहरूंचे दुभाषे झाले. दोन्ही मराठी, दोन्ही बाजूंना उपयोगी. घ्या.

आळशी_मुंगी

तेरावा. पैज हरलो, मी पाचवा म्हटलं होतं.

नाशिकची_पहाट

माझी बॅच २०२० ची. मार्चमध्ये सरहद्द बंद झाली ती व्हिसा परत मिळेपर्यंत २०२२ चा ऑगस्ट उजाडला. वर्ग ऑनलाइन, तिकडचे आठ म्हणजे इकडचे साडेपाच. पंचवटीतल्या घरात ब्लँकेट घेऊन अख्खं वर्ष चिनी शिकले. विद्यापीठ भारी नावाचं होतं, बारानंतर मी आईशी मराठीत बोलायचे. त्यामुळे माझं मत पायवाटांना, निदान बारानंतरच्या मुद्द्यापुरतं.

एक सांगते जे कोणी बोललं नाही. शिष्यवृत्ती घेऊन जायचं असेल तर ही सगळी चर्चा निम्मी फुकट. भाषा शिकणाऱ्याला मिळणारी शिष्यवृत्ती महिना अडीच-तीन हजार युआनची, त्यात फी-खोली माफ, म्हणजे लहान शहरात राजासारखं आणि बीजिंगमध्ये जपून. पण सरकारी योजनेत तुम्ही पसंती भरता, जागा ते देतात. माझ्या मैत्रिणीने शांघाय भरलं, तिला युन्नान मिळालं. तिथल्या खुनमिंग शहरात बारमाही वसंत असतो म्हणतात. ती अजून परत यायला तयार नाही.

काकूबाई

हे खुनमिंग बरं वाटतंय.

पायवाट

चाकणवाली, तुमचा प्रश्न रास्त आहे. भाचीला विचारलं. म्हणाली, दुभाषी व्हायचंय, शक्यतो पुण्यातच. म्हणजे तुमच्याच वाटेवर. तरी मी मत बदललेलं नाही. कारखान्यात येणारे अभियंते बीजिंगच्या वर्गातलं चिनी बोलत नाहीत, शानतुंग, हूनान अशा आपापल्या प्रांतांचं बोलतात. ते कान रस्त्यावर तयार होतात.

चाकणवाली

रस्त्यावर तयार होतात हे खरं, पण आधी दोन हजार शब्द खिशात असतील तर. पहिल्या वर्षी मला एका हूनानच्या फोरमनचं काही कळत नव्हतं. रोज संध्याकाळी कागदावर लिहून घ्यायचे, कारण मला वाचता येत होतं. वाचायला वर्गाने शिकवलं, मालकीणबाईंनी नव्हे.

वाद घालण्यापेक्षा एक करा. ज्या विद्यापीठांचा विचार चाललाय त्या सगळ्यांना पत्र टाका. चिनीत लिहा, भाचीलाच लिहू द्या. एकच विचारा : तिसरी पास झालेल्या विद्यार्थ्यासाठी मागच्या सत्रात किती वर्ग चालले? किती आहेत असं नका विचारू, माहितीपत्रकात सगळंच असतं. किती *चालले* ते विचारा.

पायवाट

टाकलं. आठ दिवसांनी लिहितो.

पायवाट

बीजिंगहून तिसऱ्या दिवशी तक्ता आला : वर्गांची नावं, प्रत्येकाचं पुस्तक, कोणत्या धड्यापासून सुरुवात. तिच्या पातळीच्या आजूबाजूला चार वर्ग चालले. हार्बिनच्या दोन विद्यापीठांना लिहिलं होतं. एकाचं उत्तर नाही. दुसरीकडच्या बाई फार प्रेमळ, भाचीच्या अक्षराचं कौतुक केलं, विमानतळावर घ्यायला येऊ म्हणाल्या, खोलीचे फोटो पाठवले. वर्गांबद्दल एकच ओळ : 'खान छिंगख्वांग', परिस्थिती पाहून ठरवू.

चाकणवाली

पायवाट, तुम्ही वर्षभर राहिलाय तिकडे. 'खान छिंगख्वांग'चा अर्थ तुम्हाला मी सांगायचा?

पायवाट

नका सांगू. पण खोली खरंच चांगली आहे, खिडकीतून नदी दिसते.