कोळशाचा विटाळ आणि ‘प्रांगार’चे सोवळे

मसीपात्र (धागाकर्ता)

काल एका सदस्यांनी लिहिले : “कार्बन म्हणजे लॅटिनमधला कोळसा. हिऱ्याला आणि सजीवांच्या देहाला कोळशाचे नाव देणे ही मूळ चूक, आणि आपला ‘कर्ब’ म्हणजे त्या चुकीची तोडलेली शेपटी. त्यापेक्षा ‘प्रांगार’ हा अर्थवाही शब्द पुन्हा रूढ करावा.” दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसावे असे ठरवले होते, पण ते जमले नाही.

‘प्रांगार’ या शब्दात ‘अंगार’ दडलेला आहे, आणि अंगार म्हणजे निखारा, म्हणजे पुन्हा कोळसाच. लॅटिनमधल्या कोळशाचा विटाळ मानायचा आणि संस्कृतमधला कोळसा मात्र सोवळ्यात घ्यायचा, यात कोणती अर्थवाहिता आहे, हे मला समजलेले नाही.

शिवाय ‘कार्बन म्हणजे कोळसा’ हे विधानच अर्धे खरे आहे. व्यवहारातल्या कोळशाला फ्रेंचमध्ये ‘शार्बों’ म्हणतात. लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७८७ मध्ये रासायनिक नावांची नवी पद्धत मांडली, तेव्हा त्यांनी तो शब्द मुद्दाम बाजूला ठेवून ‘कार्बोन’ असा निराळा शब्द घडवला, कारण कोळशात राख, हायड्रोजन, गंधक असे बरेच काही असते आणि त्यांना त्या सगळ्यातून उरणाऱ्या एकाच मूलद्रव्याचे नाव हवे होते. हिऱ्याची गोष्टही त्यांना नवी नव्हती. लाव्हाझिएने १७७२ मध्येच मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरे जाळून पाहिले होते. पुढे १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट याने समान वजनाचा हिरा आणि कोळसा जाळल्यास तितकाच कार्बन डायऑक्साइड मिळतो हे दाखवले आणि शंकेला जागा उरली नाही.

तर्कटी

ते सदस्य मीच आहे. नाव घेऊन लिहिले असते तरी चालले असते. मी काही पळून जाणार नव्हतो.

‘अंगार’चा मुद्दा मान्य करतो, कारण तो नाकारता येत नाही. पण माझा खरा आक्षेप कोळशावर नसून अपारदर्शकतेवर होता. जर्मन मुलाला ‘कोलेनश्टोफ’ या शब्दात कोळसा आणि द्रव्य दोन्ही दिसतात. जपानी ‘तान्सो’ आणि रशियन ‘उग्लेरोद’ हे शब्दही आपापल्या भाषेतल्या कोळशावरूनच घडलेले आहेत. आपल्याकडे मात्र ‘कर्ब’ या अक्षरांत काहीही दिसत नाही. मी शाळेत तीन वर्षे ‘कर्बोदके’ हा शब्द घोकला आणि त्यातला कर्ब म्हणजेच कार्बन हे मला महाविद्यालयात गेल्यावर कळले. ज्यांना हा शब्द जन्मजात कळतो त्यांचा मला हेवा वाटतो.

मसीपात्र

आपल्याला तीन वर्षांत जो शब्द उमगला नाही, तोच आपल्या विरुद्धची सर्वांत चांगली साक्ष आहे. कर्ब अधिक उदक, म्हणजे कार्बन आणि पाणी. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, म्हणजे हिशेबापुरते ६ कार्बन आणि ६ पाणी. यापेक्षा पारदर्शक शब्द आणखी कोणता हवा?

तर्कटी

हिशेबापुरते! त्या रेणूत पाणी नसते, हे आपणही जाणता. पारदर्शक शब्दाने चुकीचे चित्र दाखवले तर ते चालते, आणि माझ्या ‘प्रांगार’ने बरोबर चित्र दाखवले तर ते सोवळे ठरते. छान न्याय आहे.

निवृत्त_मास्तर

दोघांनीही जरा थांबावे. नावातल्या खोट्या चित्रांची चर्चा चालली आहे आणि ‘शिसपेन्सिल’चे नाव अजून कोणी काढलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. दरवर्षी कोणी ना कोणी घाबरलेले पालक येत, कारण मुलाने पेन्सिलीचे टोक चघळलेले असे आणि शिसे विषारी असते एवढे त्यांनी कुठेतरी वाचलेले असे. त्या पेन्सिलीत शिशाचा कणही नसतो. असते ते ग्राफाइट, म्हणजे कार्बनच. काळ्या, चकाकत्या ग्राफाइटला पूर्वी शिशाचाच एक प्रकार समजत. शेले याने १७७९ मध्ये ते कार्बनचे रूप असल्याचे दाखवले आणि वेर्नर याने १७८९ मध्ये ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्याला ग्राफाइट हे नाव दिले. चूक दुरुस्त होऊन दोन शतके उलटली तरी शब्द तिथेच उभा आहे. तर्कटी यांना जर्मन भाषेचे इतके कौतुक आहे म्हणून कळवतो की, जर्मन मुले ‘कोलेनश्टोफ’ने लिहितात खरी, पण त्या वस्तूला ‘ब्लायश्टिफ्ट’ म्हणजे शिशाची कांडीच म्हणतात.

उपद्व्यापी

कर्ब हा शब्द परका आहे, असे सर्वांनी गृहीत का धरले आहे? संस्कृतमध्ये ‘कर्बुर’ आहेच. त्यावरूनच तो आलेला असणार.

मसीपात्र

‘कर्बुर’ म्हणजे ठिपकेदार, चित्रविचित्र रंगांचे. कार्बन कोणत्या बाजूने ठिपकेदार दिसतो, ते कृपया सांगावे. दोन शब्दांचा ध्वनी जुळला म्हणजे गोत्र जुळत नाही.

अनुवादक

आपण सर्व जण नावाच्या जन्मपत्रिकेवर भांडत आहात, आणि खरा अनर्थ त्या नावाच्या आजच्या वापरात होत आहे. ‘कार्बन उत्सर्जन’, ‘कार्बन कर’, ‘कार्बन पाऊलखुणा’ या शब्दांत कार्बनचा अर्थ मूलद्रव्य असा नसतो, तर बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड असा असतो. कार्बनच्या १२ वजनामागे त्या वायूचे वजन ४४ भरते, म्हणजे १ टन कार्बन जाळला की सुमारे ३.६७ टन वायू तयार होतो.

याची किंमत मी मोजलेली आहे. एका अहवालाच्या अनुवादात तक्ते कार्बनच्या टनांत होते आणि मजकूर वायूच्या टनांत होता. मी दोन्हीकडे विश्वासाने ‘कार्बन’ लिहिले. तपासणाऱ्यांनी आकडे जुळत नाहीत म्हणून पूर्ण काम परत पाठवले आणि गणित न कळणाऱ्याने अशी कामे घेऊ नयेत, असा शेरा मारला. त्या शेऱ्यानंतर मला कर्ब आणि प्रांगार यांच्या वादात रस उरलेला नाही.

हवामानवेडी

शेरा अन्यायाचा होता, पण दोष शास्त्रज्ञांवर ढकलू नये. एकच अणू आज हवेत असतो, उद्या पानात, मग मातीत, समुद्रात किंवा शिंपल्यात. त्याचा वायू केवळ एका मुक्कामापुरता असतो. सर्व मुक्कामांचा एकत्र हिशेब ठेवायचा तर अणूच मोजावा लागतो, म्हणून ते कार्बनचे टन लिहितात. जगात जीवाश्म इंधनांमुळे दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन, म्हणजे सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. एकक न लिहिणारा चुकतो.

अनुवादक

म्हणजे अखेरीस मीच चुकलो. धन्यवाद.

हवामानवेडी

तसे मी म्हटलेले नाही. मूळ लेखकाने एकक लिहिलेले नव्हते, हे आपण आता सांगत आहात.

अनुवादक

तक्त्याखाली अगदी बारीक अक्षरांत लिहिलेले होते. ते मला नंतर दिसले.

बांधावरून

हाच घोटाळा मातीतही होतो. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ असतो आणि सल्ला देणारे ‘सेंद्रिय पदार्थ’ म्हणतात. पदार्थात कर्ब सुमारे ५८ टक्के धरतात, म्हणून कर्बाला १.७२४ ने गुणतात. माझ्या भावाच्या अहवालात ०.५८ टक्के कर्ब होता, म्हणजे पदार्थ जवळजवळ १ टक्का होता. त्याने ०.५८ हाच पदार्थाचा आकडा समजून गरज नसताना दुप्पट खत आणवले. पण मसीपात्र यांना एक सांगतो : त्याला ‘कर्ब’ हा शब्द कधीच अडला नाही, अडला तो गुणाकार.

तर्कटी

‘कार्बनमुक्त जग’ या घोषणेविषयीही कोणी बोलावे. माणसाच्या वजनात कार्बन सुमारे १८ टक्के असतो. माझे वजन ६० किलो आहे, म्हणजे माझ्यात जवळपास ११ किलो कार्बन आहे. जग कार्बनमुक्त करायचे असेल तर आधी मला जागा करून द्यावी लागेल, आणि या धाग्यावरील काही जणांना ते आवडेल असे दिसते.

मसीपात्र

आपण राहावे. आपल्यावाचून हा धागा चौथ्या प्रतिसादातच विझला असता.

तर्कटी

मग माझी तडजोड ऐका. ‘प्रांगार’ मागे घेतो, कारण त्यातला अंगार मला आता सतत दिसत राहील आणि त्याला आपण जबाबदार आहात. ‘कर्ब’ मातीत आणि कर्बोदकांत राहू द्यावा, कारण तिथे तो रुजला आहे; मूलद्रव्याला ‘कार्बन’ म्हणावे. मात्र ‘कर्ब’ हा सुंदर शब्द आहे, असे माझ्याकडून कोणी वदवून घेऊ नये.

निवृत्त_मास्तर

आणि शिसपेन्सिल?

तर्कटी

मास्तर, ती आपण तीस वर्षांत बदलू शकला नाहीत.

निवृत्त_मास्तर

खरे आहे. किराणा मालाच्या यादीत मी स्वतःही तसेच लिहितो.