२५ चौरस मीटरच्या घरात अभ्यासाचे टेबल: भिंतीवरचे की पाय दुमडणारे?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. आमचे घर घरकुल योजनेतून बांधलेले आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर क्षेत्र धरलेले असते आणि आमचे घर त्याहून फारसे मोठे नाही. पुढच्याच खोलीत दिवसा येणारे-जाणारे बसतात, संध्याकाळी मुलगी दहावीचा अभ्यास करते आणि रात्री तिथेच गाद्या पडतात, त्यामुळे कायम मांडून ठेवायचे टेबल आम्हाला परवडणारे नाही. जमिनीवर वाकून लिहिल्याने तिची पाठ आणि मान दुखू लागली आहे, म्हणून हा विषय आता लांबणीवर टाकायचा नाही.

बाजारात मिळणारे पाय दुमडणारे प्लास्टिकचे टेबल घ्यावे, की गावातल्या सुताराकडून भिंतीला बिजागरीवर फळी बसवून घ्यावी? बाहेरच्या भिंती फ्लाय ॲशच्या विटांच्या व नऊ इंची आहेत, मधली भिंत साडेचार इंची आहे. जमीन काळी असल्याने एका कोपऱ्यात भेग पडलेली आहे. त्याच टेबलावर शिलाई मशीनही ठेवता यावे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे.

उत्तर (सुतारकाम व्यावसायिक, वरोरा)

ताई, आपण भिंतीची माहिती दिलीत हे फार चांगले केले, कारण या प्रकारात टेबलापेक्षा भिंतीचाच विचार आधी करावा लागतो.

फळी केवळ ब्रॅकेटवर तोलली, तर पुढच्या कडेवर पडणारे वजन वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर ओढू लागते. समजा फळी ४५ सेंटिमीटर खोल आहे, ब्रॅकेटची भिंतीला लागलेली उभी पट्टी १५ सेंटिमीटरची आहे आणि मुलीने कोपर टेकल्याने पुढच्या कडेवर २० किलोचा भार आला. अशा वेळी वरच्या स्क्रूंवर मिळून सुमारे ६० किलोची ओढ येते. तीच पट्टी ३० सेंटिमीटरची असेल तर ही ओढ निम्म्यावर, म्हणजे ३० किलोवर येते. म्हणून बाजारातले लहान, देखणे ब्रॅकेट अभ्यासाच्या टेबलासाठी घेऊ नयेत. फ्लाय ॲशची भरीव वीट स्क्रू चांगला धरते, मात्र छिद्र विटेतच पाडावे, दोन विटांमधल्या सांध्यात नव्हे, आणि गिट्टी (स्क्रू घट्ट बसावा म्हणून छिद्रात ठोकतात ती प्लास्टिकची नळी) नुसत्या प्लास्टरमध्ये अडकलेली राहू नये.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतीची भेग दरवर्षी थोडी उघडते व मिटते. भेगेजवळ ठोकलेला स्क्रू आज घट्ट वाटला तरी पुढे सैल होतो, म्हणून तो कोपरा पूर्णपणे टाळावा.

माझा आग्रह मात्र असा आहे की, भार भिंतीवर न ठेवता जमिनीवर उतरवावा. भिंतीला ७५ सेंटिमीटरवर एक आडवी लाकडी पट्टी लावून तिला ९० बाय ४५ सेंटिमीटरची फळी बिजागरीने जोडावी, आणि खाली दोन्ही टोकांना दारासारख्या उघडणाऱ्या, प्रत्येकी ४० सेंटिमीटर रुंदीच्या दोन लाकडी चौकटी बसवाव्यात. टेबल वापरताना चौकटी बाहेर काढल्या की फळी त्यांच्यावर टेकते. काम झाल्यावर त्या आत वळवल्या की फळी त्यांच्यापुढे सरळ खाली लोंबते. फळीला जोडलेले पाय ७३ सेंटिमीटर लांब असतील तर ते ४५ सेंटिमीटर खोल फळीमागे मावत नाहीत, ही अडचण चौकटींमुळे टळते. भिंतीवरची पट्टी चौकटींच्या जाडीपेक्षा किंचित जाड ठेवावी, म्हणजे मिटलेली फळी सरळ राहील आणि सगळे मिळून साधारण १० सेंटिमीटरच्या आत बसेल. फळीचा खालचा काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर राहत असल्याने गाद्यांनाही अडथळा होत नाही.

उत्तर (शिक्षिका, आर्वी)

वरील सल्ला योग्य आहे, पण घर भाड्याचे असेल किंवा पुढे खोली वाढवायची असेल, तर पाय दुमडणारे टेबल सोयीचे ठरते, कारण ते उन्हाळ्याच्या संध्याकाळी ओसरीतही नेता येते. घेण्यापूर्वी मिटलेल्या टेबलाचे माप घेऊन ते ठेवायची जागा घरात नक्की करावी; ती जागा ठरलेली नसली की टेबल उघडेच राहते आणि खोली अडते. पाय उघडल्यावर ते खिळवून ठेवणारी कडी आहे का, हेही दुकानातच हलवून पाहावे. प्लास्टिकची फळी कायम उन्हात ठेवू नये.

उत्तर (शेतकरी, मूर्तिजापूर)

आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर लागतोच आणि त्याची ओलसर हवा थेट टेबलावर आली, तर दाबलेल्या भुशाची फळी कडांना फुगते. फळी १८ मिलिमीटर जाडीच्या, पाण्याला टिकणाऱ्या प्लायची घ्यावी आणि चारही कडा पट्टी लावून बंद कराव्यात. वाळवीचा त्रास असेल तर जमिनीला टेकणाऱ्या चौकटी वाळलेल्या सागवानाच्या कराव्यात. चंद्रपूर आणि गडचिरोलीचे सागवान आपल्याला जवळ आहे, फक्त लाकूड पावतीसह घ्यावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. नऊ इंची भिंतीवर, खिडकीतल्या कूलरपासून दूर, चौकटीचे टेबल करून घ्यायचे ठरवले आहे. मुलीची उंची कमी असल्याने ७५ सेंटिमीटर जास्त होईल का? मशीनचे काय करावे?

उत्तर (सुतारकाम व्यावसायिक, वरोरा)

टेबल ७५ सेंटिमीटरवरच ठेवावे, कारण मुलगी वाढेल आणि मोठी माणसेही ते वापरतील. तिला खुर्चीवर उशी द्यावी आणि पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट ठेवावा. बसल्यावर कोपर फळीच्या पातळीला आले की उंची जमली असे समजावे. मशीन मात्र या टेबलावर ठेवू नये. तिच्या सततच्या हादऱ्यांनी बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले होतात, त्यामुळे तिच्यासाठी तिचा स्वतःचा स्टँडच योग्य. घरात लहान मूल येत-जात असेल तर चौकटींना आतून कडी लावून घ्यावी, म्हणजे कोणाचा धक्का लागून चौकट वळणार नाही आणि वरची फळी बोटांवर पडणार नाही.