दत्ता इस्वलकरांची आठवण: चौकाला नाव की हातात किल्ली?

सातरस्तावाली: मुंबईच्या गिरणी कामगारांचे नेते इस्वलकर ७ एप्रिल २०२१ ला गेले. त्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, चौकाला नाव देऊया, पुतळा उभारूया. माझा याला सरळ विरोध आहे.

१९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांतल्या कामगारांना कुणी वाली नव्हता. तेव्हा मॉडर्न मिलच्या या कामगाराने १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली आणि गांधी जयंतीला उपोषणाला बसले. आधी मागणी कामाची आणि थकलेल्या देण्यांची होती. गिरण्या परत चालू होत नाहीत हे कळल्यावर त्यांनी जमिनीवर बोट ठेवलं: इथे टॉवर उभे राहणार असतील तर कामगाराचं घरही इथेच हवं.

आईकडे एक प्लॅस्टिकची पिशवी आहे. आत बाबांचा गिरणीचा पास, घडीवर फाटलेला, सेलोटेप लावलेला. फोटोतला चेहरा पार पुसट झालाय, पण तिकीट नंबर तिला तोंडपाठ आहे. घरासाठीच्या अर्जाचा निकाल लागायच्या आधीच बाबा गेले. अशा पिशव्या घराघरांत असताना फलकाला हार कसला घालायचा?

काळाचौकी: ताई, पिशवी आमच्याही कपाटात आहे. तरी तुमचं पटत नाही. घराची किल्ली मिळेपर्यंत नाव थांबवलं तर दोन्ही हातचं जाईल. बिल्डरच्या जाहिरातीत आपलं गिरणगाव ‘अप्पर वरळी’ झालंय. माझा पुतण्या उरलेली धुराची चिमणी बघून विचारतो, ही कशाची? नावंच पुसली गेली तर उद्या हक्क मागायला आपण कोण म्हणून उभे राहणार?

जुना बदलीवाला: दोघांनीही जमिनीचा हिशेब ध्यानात ठेवा. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ५८ ढोबळमानाने असं होतं: गिरणीची एक तृतीयांश जमीन पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, बाकी मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता राहिला, इमारतींखालची जमीन सुटली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती कायम केली. मोठा घास तिथेच गेला. तरीही म्हाडाच्या २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, ती माणसं रस्त्यावर उतरली म्हणून. पण अर्जदार लाखाच्या वर आहेत.

सातरस्तावाली: बदलीवाले काका, मी तेच म्हणतेय. आता तर घरं मुंबईबाहेर शेलू-वांगणीला दाखवतात. ज्यांनी परळ-लालबागमध्ये जन्म काढला त्यांनी उतारवयात तिकडे जायचं? इस्वलकर असते तर आधी या प्रश्नावर बसले असते.

काळाचौकी: बसलेच असते. म्हणून फलकावर नावाखाली दोन आकडे लिहू: किती घरं मिळाली, किती बाकी. दर ७ एप्रिलला ते बदलायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे.

सातरस्तावाली: बाकीचा आकडा नावाएवढाच मोठा लिहिणार असाल तर फलकाला माझी हरकत नाही. पुतळ्याला मात्र आहे, आणि राहील.