मदत हवी आहे: इनकमर बंद, तरी एलटी पॅनेलच्या एका फेजवर सप्लाय येतोय (अंबड)

अंबड_मेंटेनन्स
नमस्कार मंडळी. उत्तर लवकर हवंय, येत्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा शटडाऊन घ्यायचाय.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत प्रेस शॉप आहे. मेन एलटी (४१५ व्होल्टच्या) पॅनेलमध्ये लायटिंग फीडरच्या, म्हणजे दिव्यांकडे जाणाऱ्या केबलच्या, आर फेजचा लग (टोकाचा धातूचा जोड) जळालाय. बाकीचे दोन फेज वाय आणि बी. थिंबल काळंठिक्कर, केबलचं इन्सुलेशन वीतभर कडक होऊन तडकलंय, बसबारकडून (पॅनेलमधल्या सप्लायच्या मुख्य पट्टीकडून) येणाऱ्या लिंकवरही कार्बन बसलाय. लिंक बदलायची म्हणजे बसबारला हात लावणं आलंच. मागच्या सुट्टीला इनकमर एसीबी (बाहेरचा सप्लाय पॅनेलमध्ये घेणारा मुख्य ब्रेकर) बंद करून ओढून बाहेर काढला, डीजी (डिझेल जनरेटर) बंद होता, तरी आर फेजवर टेस्टर पेटतो. वाय आणि बी वर काहीच नाही. साहेब म्हणाले रिटर्न (उलटा येणारा सप्लाय) असेल, ग्लोव्हज घाला आणि उरका. मी हेल्परला हात लावू दिला नाही, पॅनेल परत बंद केलं. आता सगळे मलाच विचारतात काम का अडवलं.

सप्लाय कुठून येतोय तेवढं सांगा.

माळेगाव_फिटर
टेस्टर कुठला? स्क्रू ड्रायव्हरवाला निऑन की दोन टोकांचा? मीटर लावला होता का? एपीएफसी (पॉवर फॅक्टरच्या कपॅसिटरचं) पॅनेल, सोलर, यूपीएस काय काय आहे ते लिहा, नाहीतर सगळे अंदाजच बांधणार.

गोंदे_सोलर
सोलरच असणार. आजकाल प्रत्येक छपरावर पॅनेल आहेत आणि वायरमन लोक त्याचा आयसोलेटर बंद करायला विसरतात. आधी तो बंद करा.

अंबड_मेंटेनन्स
निऑन टेस्टर. डिजिटल मीटरनेही पाहिलं, आर ते न्यूट्रल २१४ दाखवत होता. सोलर आहे, पण ऑनग्रिड आहे, ग्रिड गेला की आपोआप बंद होतो. एपीएफसीचा स्विच बंद होता.

गोंदे_सोलर
आपोआप बंद होतो यावर जीव टाकू नका. ऑनग्रिड इन्व्हर्टर बाहेरचा सप्लाय गेल्यावर थांबतो हे बरोबर, पण काही ठिकाणी तो डीजीसोबत चालेल असा जोडलेला असतो, काही ठिकाणी बॅटरीवाला हायब्रिड असतो. आणि एसी बाजू बंद झाली तरी पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी केबल उन्हात चालूच असते. छपरावरचा एसी आयसोलेटर हाताने बंद करून त्याला कुलूप लावा, मग बोला.

सातपूर_आयटीआय
मला हा घोस्ट व्होल्टेज वाटतो. डिजिटल मीटरचा इम्पीडन्स (आतला रोध) इतका जास्त असतो की शेजारून चालू केबल गेली असेल तरी रिकाम्या वायरवर शंभर-दीडशे व्होल्ट दाखवतो. निऑनलाही पेटायला अगदी थोडा करंट पुरतो. टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प लागला तर खरा सप्लाय, नाही लागला तर घोस्ट. आम्ही हेच शिकलो.

माळेगाव_फिटर
२१४ हा घोस्टचा आकडा वाटत नाही. आणि होल्डरला दोन वायरी जोडलेला टेस्ट लॅम्प पॅनेलमध्ये अजिबात वापरू नका. चुकून दोन फेजमध्ये लागला तर ४१५ वर बल्ब तोंडावर फुटतो, वायरीची उघडी टोकं शॉर्ट होतात. आमच्याकडे असाच एक फुटला, मुलाच्या पापण्या जळाल्या, डोळे वाचले म्हणायचे. लो इम्पीडन्स मोड असलेला मीटर किंवा दोन प्रोबचा व्होल्टेज टेस्टर घ्या.

सातपूर_आयटीआय
सगळ्या वर्कशॉपमध्ये तो मीटर नसतो. लॅम्प नीट वापरला, प्रोबला फ्यूज लावला तर काही होत नाही.

माळेगाव_फिटर
नीट वापरला तर, हाच तर मुद्दा आहे. जळलेल्या लगपाशी वाकून बसलेला माणूस नीट वापरेल याची खात्री तुम्ही देणार का?

वीजकेंद्र_निवृत्त
मंडळी, भांडण बाजूला ठेवा. माझी नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात गेली, २१० मेगावॅटच्या संचांवर. एक गोष्ट कोणी पाहिली नाही. फक्त आर फेजवर सप्लाय आहे. डीजी थ्री फेज आणि कपॅसिटर बँकही थ्री फेज. सोलर एवढ्या मोठ्या युनिटला थ्री फेजच असणार. यांपैकी काही उलटं येत असतं तर सहसा तिन्ही फेज जिवंत दिसले असते. एकच फेज म्हणजे सिंगल फेजचा सोर्स शोधा. यूपीएस, घरगुती इन्व्हर्टर, वेल्डिंगसाठी शेजारून आणलेली वायर किंवा दुसरं मीटर.

आणि मला एवढंच सांगा, त्या दिवशी मेन बंद असताना ऑफिसात पंखा, दिवा कशावर चालला होता?

अंबड_मेंटेनन्स
ऑफिसचा इथे काय संबंध? ऑफिस शेजारच्या जुन्या गाळ्यात आहे, दोन गाळे एक केले तेव्हापासून त्याचं सिंगल फेज मीटर वेगळंच आहे. सीसीटीव्ही आणि हजेरीचं मशीन बंद पडू नये म्हणून तिकडे इन्व्हर्टर बसवलाय. शटडाऊनला शॉपमधले चार दिवे वॉचमन तिकडूनच लावतो, नाहीतर आत अंधार होतो.

वीजकेंद्र_निवृत्त
सापडलं बहुतेक. शॉपमधले ते चार दिवे एरवी तुमच्या लायटिंग फीडरवर चालतात ना? मग मेन बंद असताना ते इन्व्हर्टरवर कसे जातात? मध्ये चेंजओव्हर (एका वेळी एकच सप्लाय जोडणारा स्विच) आहे की दोन एमसीबी?

अंबड_मेंटेनन्स
दोन एमसीबी. एक बंद करून दुसरा चालू करायचा.

वीजकेंद्र_निवृत्त
वॉचमन पहिला बंद करतो?

माळेगाव_फिटर
काकांनी बरोबर पकडलं. दोन्ही एमसीबी चालू राहिले की इन्व्हर्टरचा सप्लाय लायटिंग डीबीतून (दिव्यांच्या वाटप बोर्डातून) उलटा फीडरवर आणि तिथून बसबारच्या आर फेजवर. २१४ व्होल्ट हा आकडाही इन्व्हर्टरच्या आउटपुटला शोभतो. शिवाय न्यूट्रल दोन्हीकडे एकत्र असणार.

मेन सप्लाय चालू असताना कोणी दोन्ही एमसीबी चालू ठेवले तर काय होईल याचाही विचार करा. ऑफिसच्या मीटरचा फेज तुमचा आर नसेल तर सरळ फेज टू फेज शॉर्ट.

त्र्यंबकरोड_सेफ्टी
सगळे इलेक्ट्रिकलमध्येच अडकलात. मुळात पॅनेलपुढे रबर मॅट आहे का? आयएस १५६५२ ची हवी, बाजारात मिळणारी साधी काळी मॅट चालत नाही. हेल्मेट, सेफ्टी शूज? पीपीई (संरक्षक साधनांचं) रजिस्टर ठेवता का? कोणी टाकीत उतरून काम करणार असेल तर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आहे का हे आधी मोजा आणि आत २४ व्होल्टच्या वरचा हँडलॅम्प नेऊ नका. ही माणसं जातात ती छोट्या गोष्टींनी.

माळेगाव_फिटर
साहेब, माहिती चांगली आहे, पण टाकी कुठून आली? प्रश्न पॅनेलचा आहे.

त्र्यंबकरोड_सेफ्टी
धागा वाचणारे इतरही आहेत. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरीजवळच्या मुंढेगावच्या कारखान्यातल्या आगीचा धूर महामार्गावरून दिसत होता, ती आग काही तासांत विझली नाही. तेव्हा जिल्ह्यात सगळे महिनाभर सुरक्षेवर बोलले आणि नंतर गप्प झाले. म्हणून जिथे संधी मिळेल तिथे मी लिहितो.

नवीन_डिप्लोमा
सर, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. सेफ्टीचा डिप्लोमा केला तर सातपूर-अंबडमध्ये नोकरी मिळते का? कायद्याने किती कामगारांना सेफ्टी ऑफिसर लागतो?

त्र्यंबकरोड_सेफ्टी
कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४०-ब मध्ये १००० कामगारांची अट होती, धोकादायक प्रक्रियेत सरकार कमी संख्येलाही सांगू शकत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्या, आता संहिता वाचा. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

अंबड_मेंटेनन्स
नोकरीचं नंतर. मालकांशी बोललो. ते म्हणतात वॉचमनला सांगून ठेवू दुसरा एमसीबी लावू नको, आणि काम करून टाकू. एवढ्यावर भागेल का? शिवाय ते विचारतात, एचटी (ट्रान्सफॉर्मरची ११ केव्हीची) बाजूच बंद करून घेतली तर?

वीजकेंद्र_निवृत्त
एचटी बंद करून इन्व्हर्टरचा सप्लाय थांबत नाही. तो ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडेच, तुमच्या बसबारवर येतोय.

उलट बाजूही समजून घ्या, मालकांनाही सांगा. तुमचा एसीबी बंद आहे म्हणून हा सप्लाय पॅनेलपाशी थांबला. एसीबी चालू असताना बाहेरचा सप्लाय गेला आणि कोणी इन्व्हर्टर किंवा डीजी असा उलटा सोडला, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या एलटीत शिरतो. ११ केव्ही/४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उलटा चालला की स्टेप-अप होतो. खांबावर महावितरणचा लाइनमन लाइन बंद समजून चढलेला असतो. आम्ही लाइन क्लिअर (लाइन बंद केल्याची लेखी परवानगी) घेऊनही लाइन अर्थ करणारा डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय हात लावत नव्हतो, ते याचसाठी.

वॉचमनला सांगून ठेवण्यावर अजिबात भागवू नका. शिफ्ट बदलते, दुसरा माणूस येतो, त्याला अंधार दिसतो आणि तो दिवा लावतो. त्याचा काय दोष? तिथे कुलूपच पाहिजे. इनकमर एसीबी बाहेर काढून कुलूप, डीजीच्या ब्रेकरला कुलूप, सोलरच्या एसी आयसोलेटरला कुलूप, इन्व्हर्टरचा एमसीबी बंद करून त्यालाही लॉक. एमसीबीला अडकवायची छोटी लॉक किट मिळते, फार महाग नसते. प्रत्येक ठिकाणी पाटी: माणूस काम करत आहे, अमुक नाव, अमुक वेळ. किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. साहेबांच्या टेबलावर नाही आणि बोर्डाच्या खिळ्यावर तर नाहीच.

सातपूर_आयटीआय
दोन जण काम करणार असतील तर दोन कुलुपं. एक लवकर संपवून गेला तरी दुसऱ्याचं कुलूप राहतं. त्यासाठी सहा भोकांची पकड मिळते, तिच्यात प्रत्येकाचं कुलूप अडकवता येतं.

माळेगाव_फिटर
कुलूप लावल्यावर मीटरची परीक्षा विसरू नका. आधी माहीत असलेल्या चालू पॉइंटवर मीटर लावून तो दाखवतो का बघा, मग बसबारवर तिन्ही फेज एकमेकांत, प्रत्येक फेज ते न्यूट्रल आणि प्रत्येक फेज ते अर्थ, मग पुन्हा त्या चालू पॉइंटवर. मधल्या वेळात मीटरची बॅटरी किंवा लीड गेली तर शेवटच्या तपासणीत कळतं. निऑन टेस्टर या कामासाठी काढूच नका. एपीएफसीचा स्विच बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ द्या, तेही मोजून बघा. सगळं शून्य आलं की अर्थिंगची लीड आधी अर्थ बारला, मग तिन्ही फेज आणि न्यूट्रलला. काढताना उलट, अर्थचं टोक शेवटी.

गोंदे_सोलर
आणि दिव्यांसाठी ते दोन एमसीबी काढून टाका. दोन पोलचा चेंजओव्हर लावा, न्यूट्रलसकट बदलणारा. एका वेळी एकच बाजू लागेल.

शेड_मालक
मी स्वतः छोटा युनिटवाला आहे. तुम्ही सगळे मालकांना झोडता, पण एका दिवसाचं उत्पादन थांबलं की ऑर्डर जाते, पार्टी ऐकून घेत नाही. वायरमनने एक फेज शोधायला दोन सुट्ट्या घालवल्या तर आम्हीही विचारणारच.

वीजकेंद्र_निवृत्त
विचारा, हक्क आहे तुमचा. पण त्या दिवशी या माणसाने हेल्परला हात लावू दिला असता तर आज विद्युत निरीक्षक तुमच्या पॅनेलसमोर उभे असते. ऑर्डर तेव्हाही गेलीच असती. काम थांबवणाऱ्या वायरमनला शाबासकी द्या, तो टिकवा.

अंबड_मेंटेनन्स
अपडेट. आज जेवणाच्या सुट्टीत लायटिंग डीबी उघडला. इन्व्हर्टरकडून आलेली अडीच स्क्वेअर एमएमची वायर दुसऱ्या एमसीबीतून दिव्यांच्याच बारवर येते आणि फीडरचा पहिला एमसीबीही त्याच बारवर. मध्ये इंटरलॉक काही नाही. वॉचमन म्हणाला, पहिला बंद करायचा असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. इन्व्हर्टरकडची वायर दोन्ही टोकांना सोडवून टेप करून ठेवली, आता तिथे जोडच नाही.

मालक चेंजओव्हर आणि लॉक किटला तयार झाले. ग्लोव्हजवाले साहेब अजून म्हणतात एवढ्या कुलुपांची गरज नाही. मी सांगितलं, कुलूप लावू देणार नसाल तर कामाच्या परमिटवर सही तुम्ही करा आणि पॅनेलपाशी तुम्ही उभे राहा. त्यावर काही बोलले नाहीत. शटडाऊनला दिव्यांसाठी बॅटरीचे हँडलॅम्प आणणार.

काका, एक विचारायचं राहिलं. लग नुसता ढिला होता म्हणून जळाला, की या दोन सप्लायमुळे?

वीजकेंद्र_निवृत्त
न पाहता सांगणं कठीण. ढिला लग हे जास्त नेहमीचं कारण. नवीन थिंबल केबलच्या मापाचं घ्या, क्रिंपिंग टूलनेच दाबा, हातोडीने नाही, आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. लोड आल्यावर थर्मल गनने तिन्ही फेजचं तापमान बघा. आर वेगळा गरम दिसला तर इथे फोटो टाका.

नवीन_डिप्लोमा
आमच्या कंपनीतही वॉचमन असेच दिवे लावतो. उद्या डीबी उघडून बघू का?

माळेगाव_फिटर
एकट्याने नाही. परवानाधारक वायरमनला सोबत घ्या आणि आधी सांगा, तुमच्याकडे मीटर कुठला आहे?