झाडीतल्या गोल्फ कोर्सवर पहिलाच पूर्ण राउंड, काय काय सांभाळू?

नवखा_गोल्फर:
नमस्कार मंडळी, बरेच महिने ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) बॉल मारतोय, आता ऑफिसमधले एक सर येत्या रविवारी येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर गेस्ट म्हणून घेऊन चाललेत, पूर्ण १८ होल. रेंजवर समोर सगळं मोकळं असतं, इथे दोन्हीकडे झाडं आणि माझा ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, म्हणजे काठीचा) फटका हमखास उजवीकडे वळतो. सोबत दोन जुने मेंबर आहेत, त्यांचा खोळंबा व्हायला नको. बॉल झाडीत गेला तर नेमकं करायचं काय? आणि पाऊस चालू आहे, त्याने काही फरक पडतो का?

संथ_स्विंग:
ड्रायव्हर बॅगेतच राहू दे, हायब्रिड नाहीतर सात नंबर आयर्न अशा आखूड क्लबने टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मार, लांबी कमी पडेल पण बॉल गवतावर दिसेल तरी. झाडीत गेलास की फांद्यांमधली फट दिसते आणि वाटतं की जाईल इथून, नाही जात. बॉल मागच्या पायाजवळ घे, ग्रिप खाली धर आणि छोट्या स्विंगने आडवा फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) काढ, एक शॉट गेला तर गेला. मुळाला टेकून असेल तर मारूच नकोस, मनगट जायबंदी होतं. सरळ अनप्लेएबल (मारता न येण्यासारखा) म्हण, एका फटक्याची पेनल्टी घे आणि दोन क्लबच्या लांबीइतक्या अंतरात, होलच्या जवळ न जाता गुडघ्याच्या उंचीवरून बॉल ड्रॉप कर, म्हणजे हातातून खाली सोड.

हिरवळ:
ड्रायव्हर अजिबात नको हे मला नाही पटत, रुंद होल असेल तिथे मारू दे की त्याला, कॅडीला (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाला) विचारून. पण अरुंद होलबद्दल एकदम सहमत. पुण्यात जन्मलेला प्रो गोल्फर अनिर्बान लाहिरी २०१५ ला इंडियन ओपन जिंकला ते दिल्ली गोल्फ क्लबवर, तिथे झाडी इतकी अंगावर येते की प्रो लोकही बऱ्याच होलना ड्रायव्हर काढत नाहीत.

आणि खोळंब्याचं म्हणशील तर बॉल शोधायला २०१९ पासून ३ मिनिटंच मिळतात, आधी ५ होती. शंका आली की टीवरच "प्रोव्हिजनल मारतोय" (पहिला हरवला तर म्हणून तात्पुरता बॉल) असं स्पष्ट सांगून दुसरा मार, म्हणजे परत मागे चालत यायला नको. न सांगता मारलास तर तोच बॉल चालू धरतात, पहिला सापडला तरी उपयोग नाही.

संथ_स्विंग:
हो, रुंद होलला हरकत नाही, मान्य. पावसाचं राहिलं, ओल्या फेअरवेवर बॉल पडतो तिथेच थांबतो, रोल मिळत नाही, म्हणून एक क्लब जास्त घे, म्हणजे नेहमीपेक्षा थोडा लांब जाणारा. बॉल पडताच स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर फेअरवे काय, रफ (बाजूचं वाढलेलं गवत) काय, पेनल्टीशिवाय उचलून पुसून ड्रॉप करता येतो. उभं राहिल्यावर पायाशी साचलेलं पाणी दिसलं तरी तसंच. बंकरचे (वाळूच्या खड्ड्यांचे) नियम वेगळे आहेत, तिथे आधी सरांना विचार.

नवखा_गोल्फर:
खूप खूप आभार दोघांचे! कॅडीचे पैसे मी द्यायचे की सर देतील?

हिरवळ:
आपल्या कॅडीचे आपण द्यायचे. रेट कॅडीमास्टरकडे आधीच विचारून घे आणि सुट्टे जवळ ठेव.