परदेशात पळताना पाय मुरगळला, सात दिवस उरलेत. सल्ला हवा

मंदगती:
दहा दिवसांसाठी परदेशात आले आहे, एकटीच. काल, म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी पळताना फुटपाथच्या कडेवरून डावा पाय आत वळला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज आहे. तेव्हा लंगडत का होईना पण चालता आलं, आजही येतंय.

तिथे कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा होते. त्यांची भाषा मला येत नाही, त्यांना माझी. त्यांनी स्वतःचा मफलर काढून माझ्या घोट्याला करकचून बांधला आणि टॅक्सी मिळेपर्यंत शेजारी बसून राहिले. मफलर अजून माझ्याकडेच आहे. म्हणजे थोडक्यात वाचले, माणसंही चांगली भेटली, हे सगळं कळतंय. तरी दिवसभर खिडकीतून पळणारी माणसं बघून नुसती चिडचिड होते आहे.

एक्स-रे काढावा का? परतीच्या विमानाचं काय? आणि उरलेले दिवस तोंड पाडून न बसता कसे काढू? अनुभवी लोकांनी सांगा.

टाचदुखे_काका:
आधी एक्स-रेचं बघू. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली यासाठी सोपे नियम मांडले, आजही जगभर तेच वापरतात. घोट्याचं हाड आतून आणि बाहेरून चाचपून बघा. त्याचं टोक किंवा मागच्या कडेचा खालचा सहा सेंटिमीटर भाग दाबल्यावर कळ आली, तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर एक उंचवटा लागतो, तिथे किंवा पावलाच्या आतल्या बाजूच्या कमानीवरच्या हाडावर दुखलं, तरी काढायचा. लागल्या लागल्या आणि आत्ताही चार पावलं टाकता येत नसतील, तरीही. लंगडत टाकलेली चार पावलं चालतात. सूज किती आहे यावर मात्र काही ठरवू नका. हाड शाबूत असूनही पाय भोपळ्यासारखा सुजलेला मी पाहिलाय. माझाच.

अर्थात हे लिहिणं म्हणजे तपासणी नव्हे. बोटं बधिर झाली, गार पडली किंवा पाय वाकडा दिसायला लागला, तर इथली उत्तरं वाचत बसू नका.

घामटा:
बर्फ, बर्फ आणि बर्फ. पाय वर. संपूर्ण विश्रांती.

टाचदुखे_काका:
घामटाराव, तो मंत्र 1978 सालचा आहे. ज्या अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी तो दिला, त्यांनीच पुढे लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांतीमुळे बरं व्हायला उशीर होऊ शकतो. दुखणं थांबवायला दहा-पंधरा मिनिटं बर्फ लावा, पण कापडात गुंडाळून. क्रेप बँडेज बांधा, बसाल तेव्हा पाय उंचावर ठेवा. एक-दोन दिवसांनी सोसेल तेवढी हालचाल सुरू करा. पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढायची, क पासून. इंग्रजीवाले एबीसी काढतात, पण आपली अक्षरं जास्त वळणाची. ‘ळ’ काढताना घोटा पुरता फिरतो!

कागदपत्रवाली:
दवाखान्यात जायच्या आधी प्रवास विम्याच्या मदत क्रमांकावर फोन करा, दावा नोंदवून घ्या. डॉक्टरांच्या कागदावर तारीख आणि निदान हवं. बिलांच्या मूळ प्रती सांभाळा. काही पॉलिसींमध्ये स्पर्धात्मक खेळातल्या दुखापती वगळलेल्या असतात, म्हणून सहज पळत होतात तर तसंच स्पष्ट सांगा.

विमान कंपनीला 48 तास आधी व्हीलचेअरसाठी कळवा. लाजू नका, विमानतळावरचं चालणं आणि रांगा घोट्याला फार नडतात. प्लास्टर घालावं लागलं, तर दोन तासांहून लांबच्या प्रवासाआधी साधारण 48 तास थांबायला लावतात, कारण आतला पाय सुजतो. प्रवासात पोटरी हलवत राहा. एकाच पोटरीत सूज, दुखणं आणि गरमपणा वाटला, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

शेवटचा_गडी:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, म्हणून लिहितो.

पहिले दोन दिवस चिडून घ्या. ‘आभार माना, आणखी वाईट झालं असतं’ असं ऐकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. माझी पोटरी परदेशातल्या मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी गेली होती. वर्षभराची तयारी पाण्यात. सकाळी जायचंच नाही असं ठरवलं होतं, पण खोलीत बसवेना, म्हणून अडतिसाव्या किलोमीटरपाशी जाऊन उभा राहिलो. तोवर मी सात मॅरेथॉन पळलो होतो, पण सर्वांत मागची माणसं कधी बघितलीच नव्हती. ती येतात तेव्हा टाळ्या वाजवणारे घरी गेलेले असतात. एक बाई दोन्ही बूट हातात घेऊन, नुसत्या मोज्यांवर चालत आली. मी टाळ्या वाजवल्यावर तिने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणासाठी असतील म्हणून.

तुम्हाला एकच सांगतो. त्या आजोबांना मफलर परत करा. त्याच वेळी, त्याच जागी जाऊन बसा. टॅक्सीने जा.

मंदगती:
पाच दिवसांनी लिहिते आहे. एका ठिकाणी दाबल्यावर दुखत होतं, म्हणून एक्स-रे काढला. हाड शाबूत, अस्थिबंध ताणलाय. व्हीलचेअरचं कळवून झालं.

मफलर धुऊन दोन सकाळी त्या बाकावर बसले. पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही. तासभर बसून इतकंच कळलं की ज्या वळणावर मी घड्याळात वेग बघत होते, तिथून खाली नदी दिसते. दुसऱ्या दिवशी आजोबा आले. मफलर घेतला, माझ्या पायाकडे पाहिलं आणि बोट नाचवत चांगलं दोन मिनिटं रागावले. एक शब्द कळला नाही, पण पाय खाली का सोडलाय हे विचारत असावेत. मी निमूटपणे पाय बाकावर घेतला.

काका, अक्षरं रोज काढते आहे. ‘ळ’ जमतो. ‘क्ष’ला अजून कळ येते.