मदत हवी आहे : पावसाळ्यात टँडम सौर सेलच्या कडा पिवळ्या पडतात

पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत पेरोव्हस्काइट-सिलिकॉन टँडमवर (सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट स्फटिकाचा थर असलेल्या दुहेरी सौर सेलवर) काम करतोय. सेल १ चौ. सेंमी.चे, खाली गुळगुळीत सिलिकॉन, वर १.६८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट बँडगॅपचा (प्रकाश शोषायला लागणाऱ्या किमान ऊर्जेचा) पेरोव्हस्काइट थर. पहिल्या दिवशी कार्यक्षमता २५ टक्क्यांच्या आसपास मिळते. लोंगी या चिनी कंपनीच्या ३४.६ टक्क्यांच्या विक्रमाशी (२०२४) कृपया तुलना नको, आमचा प्रश्न टिकण्याचा आहे.

काच आणि ब्युटाइल (रबरी) टेपने सील करून गच्चीवर मांडला की आठ-दहा दिवसांत एक पिवळी रेघ कडेकडून आत सरकते. एक्सआरडीत (क्ष-किरण चाचणीत) ती लेड आयोडाइड, म्हणजे पेरोव्हस्काइट विघटित होऊन उरणारा पदार्थ, निघाली. आणि ती दरवेळी जोडणीची तांब्याची पट्टी बाहेर पडते तिथूनच सुरू होते! तेवढाच प्रकाश देऊन नायट्रोजनमध्ये ठेवलेला जोडीचा सेल मात्र काळाच्या काळा. पीएलचं (प्रकाश पाडल्यावर थर स्वतः सोडतो त्या उजेडाचं) शिखरही ७४० नॅनोमीटरवरच, म्हणजे थरातले ब्रोमाइड-आयोडाइड वेगळे होण्याचा प्रकार नसावा. (जुलैत इथे चपलांना बुरशी येते, दमटपणा किती ते विचारूच नका.)

टेपची रुंदी ५ वरून १० मिमी केली, फरक जेमतेम. वरून एपॉक्सी लावलं तर लवकरच बिघडलं, बहुधा हार्डनरमधल्या अमाइनमुळे. आमच्याकडे एएलडी (अणूंच्या थराथराने लेप चढवायचं यंत्र) नाही, व्हॅक्यूम लॅमिनेटरही नाही. गरम प्लेट आणि हाताचा दाब एवढंच.

पट्टीऐवजी काचेवरच्याच आयटीओ (पारदर्शक वीजवाहक) थरातून जोडणी बाहेर काढली, तर ब्युटाइल तिथे नीट चिकटतं का? का पट्टी ठेवूनच ती जागा बंद करायची काही युक्ती आहे?